बुडख्याखालची विद्या : पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राची वाटचाल

बारामती किंवा इंदापूर तालुक्यात एखाद्या बागायतदाराला ‘रानात काय आहे?’ म्हणून विचारले, तर उत्तर बहुधा आकड्यात येते. ‘दोनशे पासष्ट आहे’ किंवा ‘शहाऐंशी बत्तीस आहे.’ पिकाचे नाव घ्यायची गरज नसते, कारण विचारणाऱ्याला ते ठाऊक असते. या आकड्यांमागे नीरा नदीच्या पलीकडच्या काठावर, सातारा जिल्ह्याच्या हद्दीतले एक प्रक्षेत्र उभे आहे. पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राची सुरुवात १९३२ सालची. आज ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे केंद्र आहे. जिल्हा दुसरा असला, तरी त्याच्या कामाची खरी परीक्षा नीरा डाव्या कालव्याच्या अंगाने पुरंदर, बारामती आणि इंदापूरच्या रानांत होत आली.

या केंद्राचा इतिहास वाणांची यादी देऊन संपवता येईल, आणि तसा तो पुष्कळदा सांगितलाही जातो. परंतु ऊस हे मुळात गवत आहे, तेही एकदा लावले की वर्षानुवर्षे फुटत राहणारे. ज्वारी, बाजरी, गहू हे त्याचे भाऊबंद, आणि इंदापूरच्या माळरानावरची मारवेल, पवन्या, कुसळी ही त्याच कुळातली. ज्वारीची कापणी झाली की त्या पिकाचा संसार संपतो. उसाची तोड झाली की जमिनीवरचा भाग कारखान्याला जातो आणि जमिनीखालचा भाग शेतातच जिवंत राहतो. त्यालाच आपण खोडवा म्हणतो, आणि त्याच्याही पुढच्या पिकाला निडवा. पाडेगावचे निम्मे काम या जमिनीखालच्या भागाचे आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

पाणी आले, मागून मीठ आले

पाडेगावची गोष्ट १८७६-७७ च्या दुष्काळापासून सुरू करावी लागते. सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा अवर्षणप्रवण मुलूख त्या दोन वर्षांत होरपळला. पुढे भाटघरला धरण झाले आणि १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला. पुरंदर, बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून सुमारे शंभर मैल धावणाऱ्या या कालव्याने जिरायत मुलखाचे रूप पालटले. सासवडच्या माळी बागायतदारांनी कालव्याच्या कडेने जमिनी खंडाने घेतल्या, उसाची लागण केली, गुऱ्हाळे घातली. तेव्हाचा ऊस पुंड्या जातीचा होता. जाड, मऊ, रसाळ असा हा ऊस गुळाला उत्तम, पण रोगाला हळवा आणि पाण्याला हावरा.

पाटाचे पाणी मिळते म्हणून लोकांनी ते भरपूर दिले. खोल काळ्या जमिनीला निचरा नव्हता. भूगर्भातली पाणीपातळी वर आली, पाण्याबरोबर क्षारही वर आले, आणि उन्हाने पाणी उडून गेले तरी क्षार पृष्ठभागावरच राहिले. पंचवीस वर्षांच्या आत नीरा खोऱ्यातल्या कित्येक सुपीक शेतांवर पांढरा थर दिसू लागला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी या खारवट जमिनींची पाहणी करून १९१० मध्ये मुंबई सरकारच्या कृषी खात्यातर्फे स्वतंत्र पुस्तिकाच प्रसिद्ध केली. त्यानंतर १९१६ मध्ये सी. सी. इंग्लिस यांच्याकडे पाटबंधारे खात्याचा खास विभाग सोपवण्यात आला. दख्खनच्या कालव्यांखाली पाणथळ आणि क्षारपड झालेल्या जमिनींचा अभ्यास करणे आणि निचऱ्याचे उपाय शोधणे हे त्याचे काम होते.

पाडेगावच्या स्थापनेआधीची वीस-बावीस वर्षे अशी गेली. या भागात उसाचे संशोधन सुरू झाले ते केवळ जास्त साखर हवी म्हणून नव्हे. पाण्याने जमीन बिघडते, हे लोकांनी आधी डोळ्यांनी पाहिले होते.

१९३२

हे साल योगायोगाने आलेले नाही. भाटघरला लॉईड या नव्या, मोठ्या धरणाचे काम पुरे झाले होते आणि नीरा उजव्या कालव्याखाली फलटण, माळशिरसकडची नवी जमीन भिजू लागली होती. १९२९ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेची (तेव्हा ती ‘इम्पीरियल’ होती) स्थापना झाली होती आणि प्रांतांना संशोधनासाठी तिची मदत मिळू लागली होती. १९३२ मध्येच सरकारने देशी साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण दिले. जावाच्या साखरेशी टक्कर देणे एकाएकी शक्य झाले, आणि साखरवाडी, माळीनगर, वालचंदनगर असे कारखाने या परिसरात उभे राहू लागले. गुऱ्हाळाच्या उसाचा कारखान्याचा ऊस होणार होता, आणि ही दोन्ही कामे एकाच जातीकडून धड होत नाहीत.

मांजरीच्या सरकारी शेतीवर उसाचे प्रयोग त्याआधीच झाले होते. बेणे, खत आणि पाणी यांची काटकसर करून उत्पन्न कसे वाढवावे, हे तिथे दाखवले गेले होते. परंतु मांजरीची जमीन आणि नीरेच्या कालव्याखालची जमीन एक नव्हे. म्हणून कालव्याच्या तोंडाशी, प्रत्यक्ष त्या परिस्थितीत चालणारे केंद्र हवे होते, आणि ते पाडेगावला झाले.

केंद्राची सुरुवातीची कीर्ती वाणांमुळे झाली नाही, ती मातीच्या कामाने झाली. जे. के. बसू यांनी एस. एस. सिरूर यांच्यासह नीरा उजवा आणि प्रवरा कालव्यांखालच्या जमिनींची पाहणी केली. १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध मृदाविज्ञानात आजही संदर्भासाठी काढला जातो. वरवर सगळ्या काळ्याच दिसणाऱ्या जमिनींचे त्यांनी उभ्या छेदावरून निरनिराळे प्रकार पाडले. शेतात खड्डा घ्यायचा, त्याची एक बाजू सुरीने साफ करायची, आणि वरपासून मुरमापर्यंत रंग, घट्टपणा, चुनखडी, ओल यांची नोंद करायची. कोणत्या जमिनीत किती पाणी मुरेल, कोणती चिबडेल, कुठे ऊस लावूच नये, हे त्या खड्ड्यातून कळे. आर. डी. रेगे आणि पी. व्ही. वागळे यांनी त्याच काळात दख्खनच्या कालव्यांखालच्या उसाची वाढ, मुळे, पाणी आणि खत यांवर काम केले. उसाला कधी आणि किती पाणी द्यावे, हा प्रश्न त्यामुळे पाटकऱ्याच्या मर्जीवरून निघून प्रयोगाच्या नोंदवहीत आला.

तुऱ्याची गरज, तुऱ्याची अडचण

आता वाणांकडे वळू. उसाला तुरा आला की शेतकरी कपाळाला हात लावतो. वाढ थांबते, कांडी पोकळ होऊ लागते, वजन घटते. पैदासकाराला मात्र तुराच हवा असतो, कारण संकर करायचा तर फुलोऱ्याशिवाय होत नाही. आपल्याकडच्या थंड रात्रींत उसाचे पराग बहुधा वांझ राहतात. म्हणून देशातला उसाचा संकर प्रामुख्याने दक्षिणेत, कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत होत आला. १९१२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत चार्ल्स बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी जाड रसाळ उसाचा रानटी उसाशी संकर केला आणि काटक जातींची वाट खुली झाली. जातीच्या नावापुढचा ‘को’ म्हणजे कोइमतूर.

तिथे आता राष्ट्रीय संकरण उद्यान आहे. ऐन दिवाळीच्या सुमारास निरनिराळ्या राज्यांचे पैदासकार तिथे जातात, आपल्या गरजेप्रमाणे जोड्या जुळवतात आणि संकरित बी घेऊन परततात. त्या बियाला ‘फ्लफ’ म्हणतात. कापसाच्या पिंजलेल्या तंतूंसारखे ते इतके हलके असते की पेरताना कुणी जोरात श्वास सोडला तरी उडेल. पाडेगावात हे बी ट्रेमध्ये पेरतात, रोपे वाढवतात आणि शेतात लावतात. हजारो रोपांतले प्रत्येक रोप निराळे असते. एक जाड, दुसरे काटेरी, तिसरे आडवे पडणारे, चौथ्याला काणी रोग. पहिल्याच वर्षी बहुतेकांची गच्छंती होते. उरलेल्यांची टिपरी लावून पुढच्या वर्षी ओळ तयार होते, त्यातून पुन्हा निवड. हातात ब्रिक्समीटर घेऊन, मधल्या कांडीला टोचणी मारून रसाचा थेंब काचेवर घ्यायचा आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा, हे काम हिवाळ्याच्या सकाळी दिवसामागून दिवस चालते. बुडाकडचा आणि शेंड्याकडचा आकडा जवळ आला की ऊस पक्व झाला. मग निरनिराळ्या केंद्रांवर चाचण्या, खोडव्याची चाचणी, रोगाची चाचणी, शेतकऱ्यांच्या रानातली चाचणी, आणि शेवटी राज्यातल्या कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत शिफारस. एका वाणाच्या मागे दहा-बारा वर्षे सहज जातात. पैदासकार बदलतात, मजुरांची पिढी बदलते, पण ओळीच्या डोक्याशी रोवलेली क्रमांकाची पाटी चुकता कामा नये.

पुंड्याच्या जागी आधी जावाकडचे ईके २८ आणि पीओजे २८७८ हे ऊस आले. त्यानंतर आलेल्या को ४१९ ने दख्खनच्या पठारावर दोन-तीन दशके राज्य केले. पुढे को ७४० ने महाराष्ट्रात तसाच जम बसवला, पण काणी रोगाने त्याला पोखरले. चाबकासारखा काळा पट्टा शेंड्यातून निघालेला पाहिला की त्या बेटाचे काही खरे नसे. एकाच जातीवर सारा मुलूख विसंबला की काय होते, हा धडा या परिसराने तेव्हा घेतला. तो पुरता घेतला असे मात्र म्हणता येत नाही.

१९९६ मध्ये पाडेगावने को ८६०३२ ची महाराष्ट्रासाठी शिफारस केली. १९८६ साली क्रमांक मिळालेल्यांपैकी तो ३२ वा, इतकाच त्या आकड्याचा अर्थ. को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातला हा ऊस. साखर चांगली, खोडवा चांगला, पाण्याचा ताण बऱ्यापैकी सोसणारा. महाराष्ट्रात त्याला ‘नीरा’ हे नाव मिळाले. ज्या नदीच्या काठी त्याची पारख झाली, तिचेच ते नाव. गेल्या पाव शतकात राज्यातले उसाचे सर्वांत मोठे क्षेत्र त्याच्याकडे राहिले.

२००७ मध्ये कोएम ०२६५ म्हणजेच फुले २६५ आला. ‘एम’ महाराष्ट्राचा आणि ‘फुले’ विद्यापीठाच्या नावाचा. त्या नावातही या मातीचा एक धागा आहे. महात्मा फुल्यांच्या घराण्याचे पुरंदरमधल्या खानवडीशी नाते, आणि नीरेच्या कालव्यावर पहिला ऊस पिकवणारे बागायतदारही सासवडकडचेच. फुले २६५ चे टनेज भरघोस, खोडवा जोमदार. पण उशिरा पक्व होत असल्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला त्याचा उतारा कमी लागतो, म्हणून काही कारखान्यांनी आरंभी त्याच्या नोंदीला नाक मुरडले. शेतकऱ्यांनी तो सोडला नाही. त्याचे एक कारण असे की, जिथे इतर ऊस पिवळा पडून बसतो, त्या क्षारपड, चोपण रानातही हा तग धरतो.

मॅन आणि ताम्हाण्यांनी १९१० मध्ये ज्या जमिनींचे दुखणे लिहून ठेवले, तिथे उभा राहू शकणारा ऊस याच नीरा खोऱ्यातून जवळजवळ शंभर वर्षांनी निघाला. संस्थेच्या इतिहासात याहून मोठी गोष्ट दुसरी नाही. पण तिचा अर्थ चुकीचा लावू नये. वाण क्षार सोसतो, क्षार काढत नाही. निचरा न करता २६५ लावणारा शेतकरी आजार तसाच ठेवून फक्त सहनशक्ती वाढवत असतो.

जोंधळ्याशी सोयरीक

उसाचा आणि धान्याचा संबंध संशोधकांनी फार पूर्वीच जोडून पाहिला होता. १९३० च्या दशकात कोइमतूरला वेंकटरामन यांनी उसाचा ज्वारीशी संकर केला. उसाने ज्वारीसारखे लवकर पिकावे, ही त्यामागची इच्छा. जानकी अम्माळ यांनी उसाचा मक्याशीही संबंध जुळवून दाखवला. त्यातून शेतात लावायचा ऊस निघाला नाही, पण गवतांची ही भाऊबंदकी किती जवळची आहे ते सिद्ध झाले.

आज जगात वारे उलट दिशेने वाहत आहेत. उसाला धान्यासारखे करण्याऐवजी धान्याला उसासारखे बहुवार्षिक करण्याचे प्रयत्न चालू आहेत. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लँड इन्स्टिट्यूटने ‘कर्न्झा’ हे बहुवार्षिक धान्य पुढे आणले. चीनच्या युन्नान प्रांतात आफ्रिकेतल्या रानटी भाताशी संकर करून तयार केलेला ‘पीआर २३’ हा भात २०१८ मध्ये प्रसारित झाला. एकदा लावणी करून चार वर्षांत आठ पिके त्यातून घेतली गेली. नांगरट वाचते, मजुरी वाचते, माती धुपत नाही, हे त्याचे फायदे सांगितले जातात. हे वाचताना पाडेगावच्या माणसाला आपल्या खोडव्याची आठवण होणे साहजिक आहे. नांगरट नाही, बेणे नाही, लागणीचा खर्च नाही, आणि पीक लागणीपेक्षा लवकर तयार. बहुवार्षिक धान्याच्या संशोधकांनी ज्या गोष्टीसाठी अर्धे आयुष्य घालवले ती आपल्या बांधावर शंभर वर्षे उभी आहे. आपण मात्र तिला दुय्यम पीक समजून वागवत आलो.

पहार

महाराष्ट्रातल्या उसाच्या क्षेत्रात खोडव्याचा वाटा मोठा आहे, पण उत्पन्नात तो तेवढा दिसत नाही. कारण लागणीला सगळे लाड आणि खोडव्याला उरलेसुरले. तोड झाली की पाचटाला काडी लावायची, बगला फोडायच्या, वरून युरिया फेकायचा आणि पाणी सोडायचे, ही जुनी रीत. पाडेगावने तिच्या जागी जी पद्धत बसवली तिच्यात महागडे काहीच नाही. अवजार एकच, लोखंडी पहार.

ती पद्धत अशी. उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटायचे, म्हणजे फुटवा जमिनीखालच्या डोळ्यांतून येतो आणि स्वतःची मुळे धरतो. पाचट न जाळता सरीत पसरायचे. हेक्टरभर रानात आठ-दहा टन पाचट निघते. त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकायचे. मग वाफसा आला की पहार घ्यायची. बुडख्यापासून चार ते सहा इंच, म्हणजे दहा-पंधरा सेंटिमीटर अंतरावर, पंधरा-वीस सेंटिमीटर खोल भोक पाडायचे, त्यात खत टाकून माती दाबायची, आणि फूटभर पुढे सरकून पुन्हा तेच. पहिली मात्रा तोडीनंतर पंधरा दिवसांच्या आत सरीच्या एका बाजूने, दुसरी १३५ दिवसांनी दुसऱ्या बाजूने. पुढे नांगरट नाही, मोठी बांधणी नाही.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे काम येड्याचे वाटते. दिवसभर वाकून भोके पाडणाऱ्या दोन माणसांकडे पाहून बांधावरचा माणूस हसतो. पण खत मुळाशी पडते, उडून किंवा वाहून जात नाही. पाचटाखाली ओल टिकते, पाण्याच्या पाळ्या लांबवता येतात, तण डोके वर काढत नाही. वर्षभराने तेच पाचट हाताने चुरगाळले की भुगा होतो, आणि त्याखाली गांडुळे सापडतात. शेणखत मिळेनासे झालेल्या या काळात ही घरची खताची खाणच म्हणावी लागेल.

याच कामाचे यंत्र पुढे बारामतीत झाले. माळेगाव खुर्दच्या खडकाळ माळावर २००९ मध्ये राष्ट्रीय अजैविक स्ट्रेस व्यवस्थापन संस्थेची पायाभरणी झाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी पाचट न काढता बुडखे छाटणारे, बगला फोडणारे, जुनी मुळे तोडणारे आणि खत पेरणारे ट्रॅक्टरचलित यंत्र तयार केले. पहारीचे काम ट्रॅक्टरने करायचे, इतके सोपे त्याचे सूत्र.

विद्यापीठ आणि शेजार

१९६८ मध्ये राहुरीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि कृषी खात्याकडची केंद्रे विद्यापीठाकडे आली. पाडेगाव त्यांपैकीच एक. वाणांबरोबर मूलभूत बेण्याचा पुरवठा, आडसाली, पूर्वहंगामी आणि सुरू लागणीच्या खतमात्रा, रोग-किडींची पाहणी ही कामे केंद्राकडे राहिली. २००२ मध्ये लोकरी मावा राज्यात शिरला तेव्हा पाने पांढरी पडलेली रानेच्या राने पाहून लोकांनी हाय खाल्ली होती. औषधे मारून न हटलेली ही कीड शेवटी डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी आटोक्यात आणली. संशोधन केंद्रांनी आणि कारखान्यांनी मिळून त्यांचा प्रसार केला.

आज मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आंबोलीला स्वतःचे संकर करते. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने उसाच्या रानात कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चालवले आहेत. मोबाइलवर पाणी कधी द्यावे ते सांगितले जाते. १९३० च्या दशकात रेगे-वागळ्यांनी नोंदवहीत मांडलेला प्रश्नही हाच होता. उत्तर देण्याची साधने बदलली आहेत, प्रश्न जागच्या जागी आहे.

हिशेब

नव्वदी ओलांडलेल्या संस्थेचा हिशेब मांडताना जमेची बाजू उघड आहे. वाण दिले, खोडव्याची विद्या दिली, माती वाचायला शिकवले. दुसरी बाजूही लिहून ठेवली पाहिजे. केंद्राने सांगितलेले पाणी आणि आपण दिलेले पाणी यांत अजून अंतर आहे. डाव्या कालव्याच्या शेपटीला इंदापुरात पाणी पोहोचत नाही आणि तोंडाकडे जमीन चिबडते, हे चित्र पुरते पुसलेले नाही. पाडेगावच्या हाती शिफारस असते, पाट आणि मोटारीचे बटण शेतकऱ्याच्या हाती.

म्हणून वाचकाकडे एकच मागणे. या हंगामात तोड झाली की पाचटाला काडी लावू नका. माती तपासून घ्या, आणि वाफसा आल्यावर पहार घेऊन रानात उतरा.